पाणी खरोखर कशाने बाटते? जमिनीखालची पेट्रोलची गळती आणि तिला अडवणारी माती



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली, मुले खाऊ घेऊन पळाली आणि एका भगिनीने पिशवीतून काचेची बरणी काढून आमच्यापुढे ठेवली. "भाऊ, जरा वास घेऊन बघा." बरणीत त्यांच्या वस्तीतल्या हापशाचे पाणी होते. दिसायला अगदी निर्मळ. झाकण काढले आणि पेट्रोलचा वास आला. वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, रस्त्याच्या पलीकडे पेट्रोलपंप आहे. उन्हाळाभर वास नव्हता. दोन-तीन मोठे पाऊस झाले आणि यायला लागला. बाईंनी विचारले, "मी उकळून घेते, मग चालेल ना?"

आम्ही सांगितले की हे पाणी प्यायचे नाही आणि उकळायचेही नाही. पण का, ते नीट सांगता येईना. आमचे शिक्षण बी.कॉम.चे आणि काम कारकुनीचे. तेव्हापासून या विषयावरचे जे मिळेल ते वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो. त्यातून जे समजले ते आपल्या घरोघरी पोचावे म्हणून हा लेख.

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतले. तेव्हा आपल्या स्पर्शाने तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्यात पंचगव्याचे घडे ओतले आणि तळे 'शुद्ध' करून घेतले. पुढे खटला चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. माणसाच्या हाताने पाणी बाटत नाही, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी मार खाऊन सिद्ध केले. मग पाणी खरोखर कशाने बाटते? ज्याने बाटते त्याला डोळ्यांनी पाहता येत नाही आणि शिवाशिवही कळत नाही. आज आपण त्याच विटाळाचा विचार करणार आहोत.

थेंबाचा हिशेब

पंपावर आपल्याला छप्पर, यंत्रे आणि नळ्या दिसतात. खरा माल पायाखाली असतो. आगीचा धोका कमी व्हावा आणि जागा वाचावी म्हणून पेट्रोल-डिझेलच्या टाक्या जमिनीत पुरतात. पण जमिनीत पुरलेले पोलाद ओलाव्याने गंजते. सांध्याला भेग जाते, नळीचा जोड ढिला होतो. घरातला नळ गळाला तर बादली भरलेली दिसते. जमिनीखालची टाकी गळाली तर कोणाला दिसणार?

आता हिशेब करू. एका सेकंदाला एकच थेंब गळतो असे धरा. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर होतो. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे दिवसाला ४ लिटर ३२० मिलिलिटर. वर्षाला दीड हजार लिटरहून अधिक. हे सगळे गुपचूप मातीत.

पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे. त्यात शेकडो पदार्थ मिसळलेले असतात. त्यांतला सर्वांत वाईट बेंझिन. तो रक्ताचा कर्करोग करतो हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. आपल्याकडच्या बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझिन एक टक्क्यापर्यंत असू शकते. म्हणजे लिटरला १० मिलिलिटर, वजनाने सुमारे ८.८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझिनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठरवली आहे. आता ८,८०० मिलिग्रॅमला ०.०१ ने भागा. उत्तर येते ८ लाख ८० हजार. एका लिटर पेट्रोलमधले सगळे बेंझिन पाण्यात उतरले, तर दहा हजार लिटरचे अठ्ठ्याऐंशी टँकर पाणी मर्यादेच्या काठावर जाऊन बसते. अमेरिकेची मर्यादा याच्याही निम्मी आहे. त्या मापाने टँकर दुप्पट.

उकळण्याचे काय? उकळल्याने जंतू मरतात, हे खरे. पण बेंझिन जंतू नव्हे. ते वाफ होऊन स्वयंपाकघराच्या हवेत येते आणि चुलीपाशी बसलेल्या माउलीच्या छातीत जाते. शिवाय पेट्रोलची वाफ आणि विस्तव जवळजवळ असणे हा वेगळाच धोका. म्हणून असे पाणी उकळायचे नाही, त्याने अंघोळही करायची नाही.

पावसाळ्यातच वास का आला? पेट्रोल पाण्यापेक्षा हलके. डाळीवर तेलाचा तवंग राहतो तसे ते भूजलाच्या वर तरंगते. पावसाने भूजलाची पातळी वर आली की तवंगही वर येतो आणि उन्हाळ्यात कोरड्या मातीत अडकून पडलेले पेट्रोल पुन्हा ओढले जाते. शिवाय आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा. त्याच्या भेगांमधून पाणी वाहते. त्याच वाटेने पेट्रोलही वाहते. ते पंपाची हद्द ओळखत नाही.

अमेरिकेला उशिरा आलेली जाग

या प्रश्नाचा सर्वांत मोठा अनुभव अमेरिकेला आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, गावोगावी पंप झाले आणि साध्या पोलादाच्या टाक्या सरसकट जमिनीत पुरल्या गेल्या. तीस-चाळीस वर्षांनी त्या गंजून गळू लागल्या. लोकांच्या नळाला पेट्रोलचा वास येऊ लागला तेव्हा १९८४ साली तिथल्या संसदेने कायदा केला. १९८६ साली सफाईसाठी निधी उभा केला आणि त्यासाठी प्रत्येक गॅलन इंधनामागे सेंटचा दहावा भाग कर बसवला. १९८८ साली नियम आले. जुन्या टाक्या सुधारा, बदला किंवा बंद करा, मुदत २२ डिसेंबर १९९८. तेव्हापासून आजवर तिथे पाच लाखांहून अधिक ठिकाणी गळती झाल्याची अधिकृत नोंद आहे. पैसेवाला देश, तरी ही गत.

कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराचे उदाहरण घ्या. १९९६ साली तिथल्या विहिरींत एमटीबीई नावाचे रसायन सापडले. पेट्रोल नीट जळावे म्हणून ते त्यात मिसळत असत. पंपांच्या टाक्या आणि नळ्यांमधून ते जमिनीत उतरले होते. शहराला विहिरी बंद कराव्या लागल्या आणि पिण्याचे जवळजवळ निम्मे पाणी बाहेरून विकत घ्यावे लागले. मोठे शुद्धीकरण केंद्र बांधून ते पाणी पुन्हा वापरात आणायला चौदा-पंधरा वर्षे गेली.

हवाई बेटांपैकी एका बेटावर रेड हिल नावाची टेकडी आहे. तिच्या पोटात अमेरिकन नौदलाने १९४०च्या दशकात इंधनाच्या वीस प्रचंड टाक्या बांधल्या. त्या भूजलाच्या साठ्याच्या जेमतेम शंभर फूट वर आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथले इंधन पिण्याच्या पाण्यात शिरले. त्या नळांवर सुमारे ९३ हजार माणसे अवलंबून होती. मार्च २०२२ मध्ये ते कोठार कायमचे बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. ऐंशी वर्षे 'सगळे ठीक आहे' असे चालले होते.

या अनुभवातून एक शहाणपण निघाले. टाकी कधी ना कधी गळणार असे धरूनच चालावे आणि तिच्याभोवती दुसरा पहारा ठेवावा. हा पहारा कोण देणार? काही शास्त्रज्ञ म्हणाले, माती देईल. मात्र साधी माती नाही.

साधी माती पेट्रोल का अडवत नाही

आपल्याला वाटेल, चिकणमातीचा जाड थर घातला की झाले. शेततळ्यात पाणी थांबते, मग पेट्रोल का थांबणार नाही? इथेच मेख आहे.

चिकणमातीचा बारीक कण कागदाच्या चवडीसारखा असतो. पातळ पानांवर पाने रचलेली. या पानांवर ऋण विद्युतभार असतो. तो सांभाळायला पानांच्या मधे सोडियम, कॅल्शियम यांचे धन भाराचे कण बसलेले असतात. या कणांना पाणी फार प्रिय. ते आपल्याभोवती पाणी गोळा करतात. पाणी आले की पाने फाकतात आणि माती फुगते. पाणी गेले की ती आवळते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. आपल्या घरांच्या भिंतींना तडे जातात तेही याचमुळे.

बेंटोनाइट ही याच कुळातली, फार फुगणारी चिकणमाती. ती आपल्याकडे गुजरातेत कच्छमध्ये आणि राजस्थानात बाडमेरकडे निघते. पुलाच्या किंवा मेट्रोच्या पायाच्या कामावर असलेल्या आपल्या मजूर बांधवांना ती चांगली ठाऊक आहे. खोल खोदलेला खड्डा ढासळू नये म्हणून तिचा घोळ ओततात. ती पाणी उत्तम अडवते.

पण जे घर पाण्याने भरले आहे तिथे तेलाला जागा कुठली? कोरड्या मातीवर रॉकेल सांडले तर माती ते पिते, हे आपण पाहिले आहे. जमिनीखालची माती मात्र ओली असते. तिच्या पानापानांत पाणी असते. पेट्रोलमधले बेंझिन, टोल्युइन, झायलिन तिला चिकटत नाहीत. पाण्याबरोबर ते पुढे सरकत राहतात. वरच्या मातीत शेण, पालापाचोळा कुजून झालेला काळा अंश असतो. तो त्यांना थोडेफार धरतो. पण टाकी असते दहा-बारा फूट खाली आणि तिथे तो अंश नसल्यात जमा.

मातीचा स्वभाव बदलतो

अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत स्टीफन बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात याच प्रश्नावर काम केले. त्यांची युक्ती समजायला अगदी सोपी आहे. पानांमध्ये बसलेले सोडियम-कॅल्शियमचे कण उठवायचे आणि त्यांच्या जागी पाण्याऐवजी तेलाशी मैत्री असणारे कण बसवायचे.

असे कण आपल्याला अनोळखी नाहीत. तेलकट हात नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो. कारण साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलाला. पण साबणाचा भार ऋण आणि मातीचाही ऋण, म्हणून दोघांचे जुळत नाही. त्यासाठी साबणाचा उलटा भाऊ हवा. एका टोकाला धन भार आणि दुसरीकडे तेलासारखी लांब शेपटी. या घराण्याला क्वाटर्नरी अमोनियम म्हणतात. केसांच्या कंडिशनरमध्ये याच घराण्यातली रसायने असतात. जखम धुण्याच्या काही औषधांवर 'सेट्रिमाइड' असे नाव छापलेले असते, तेही याच घराण्यातले. बॉइड यांनी वापरलेल्या रसायनाला सोळा कार्बनांची शेपटी होती.

हे रसायन पाण्यात विरघळवून मातीत मिसळले की धन भाराचे टोक मातीच्या पानाला घट्ट बसते. सोडियम बाहेर पडतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. नवा पाहुणा मात्र साध्या पाण्याने धुऊन निघत नाही. पानांमधली जागा आता शेपट्यांनी भरते, म्हणजे तिथे जणू तेलाचा पातळ थर तयार होतो. बेंझिन आले की ते पाणी सोडून त्या थरात विरघळते आणि तिथेच राहते. बॉइड यांच्या गटाने १९८९ साली दाखवले की केवळ शुद्ध बेंटोनाइटच नव्हे, शेताखालच्या थरातली साधी चिकण मातीही अशी बदलता येते आणि अशा पदार्थांना धरण्याची तिची ताकद शंभर पटीहून जास्त वाढते.

हे वाचताना आमच्या मनात एक विचार आला. माती तीच, खाण तीच. कालपर्यंत जी पाण्याची होती ती आज तेलाला धरते. तिचा स्वभाव जन्माने ठरलेला नव्हता. तिच्याशी काय जोडले गेले त्यावर तो ठरला. माणसाबद्दल हेच तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले. ज्यांना माणसाबद्दल पटत नाही त्यांनी निदान मातीकडे पाहावे.

अशी बदललेली माती ही काही प्रयोगशाळेतली अजब वस्तू नव्हे. रंग, ग्रीस, छपाईची शाई घट्ट करण्यासाठी ती कितीतरी वर्षांपासून कारखान्यांत वापरली जाते. गळती अडवण्यासाठी तिचा उपयोग तीन प्रकारे करता येतो.

पहिला, नवी टाकी बसवतानाच तिच्या खाली आणि भोवती या मातीचा थर द्यायचा. गळालेले पेट्रोल तिथेच अडकते.

दुसरा, गळती झालीच असेल तर भूजल ज्या दिशेने वाहते त्या बाजूला चर खणून त्यात ही माती भरायची. पाणी आरपार जाते, बेंझिन मागे राहते.

तिसरा, खणायला जागाच नसेल तर रसायनाचे पाणी नळीने जमिनीत सोडायचे आणि तिथल्या तिथे मातीचा एक पट्टा बदलून घ्यायचा. पट्ट्यात पेट्रोलचे घटक अडकले की मातीतले जिवाणू ते हळूहळू खाऊन संपवतील, अशी त्यामागची कल्पना.

खात्याच्या दोन बाजू

खातेवहीला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. नुसती जमा दाखवणारा कारकून फसवतो. कालामांना तथागतांनी सांगितले की कोणी सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा. तेव्हा दुसरी बाजूही पाहू.

या मातीची शक्ती अमर्याद नाही. पोते भरले की भरले. त्यापुढचे पेट्रोल पुढे जाणार. आणि धरले म्हणजे नष्ट केले असे नव्हे. ते पुढे काढावे लागते किंवा जिवाणूंकडून संपवावे लागते.

स्वभाव बदललेली माती पाण्याने पूर्वीसारखी फुगत नाही. म्हणजे पाणी अडवण्याचा तिचा जुना गुण जातो. पेट्रोल लागले तर ती फुगते आणि वाट आवळते, पण पाण्याला वाट देते. म्हणून टाकीखालच्या थरात साधे बेंटोनाइट आणि बदललेले बेंटोनाइट दोन्ही मिसळणे शहाणपणाचे. एकाने पाणी धरायचे, दुसऱ्याने पेट्रोल.

पाण्याशी ज्यांची दाट मैत्री आहे ते पदार्थ ही माती फारसे धरत नाही. सांता मोनिकाचे एमटीबीई त्यातलेच. इथेनॉलही त्यातलेच. आपल्या देशात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली आहे. शिवाय जमिनीतले जिवाणू आधी इथेनॉल खातात आणि बेंझिनची पाळी उशिरा येते. तोवर बेंझिन आणखी लांब पोचते. हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तसेच ते रसायन जास्त झाले तर जिवाणूंना आणि माशांना बाधते. म्हणून प्रमाण सांभाळावे लागते. आणि साध्या बेंटोनाइटपेक्षा अशी माती महाग पडते.

या सगळ्याचा अर्थ एवढाच की ही माती दुसरा पहारेकरी आहे. पहिला पहारेकरी म्हणजे चांगली, दुहेरी भिंतीची, गंजापासून जपलेली, वेळोवेळी तपासलेली टाकी. दुसरा ठेवला म्हणून पहिल्याला रजा देता येत नाही. पण आधी घातलेल्या थराचा खर्च आणि नंतर चौदा-पंधरा वर्षे चालणाऱ्या सफाईचा खर्च यांची तुलना करायला बी.कॉम. व्हावे लागत नाही.

आपल्या दारात

२०१३ साली चेन्नईच्या तोंडियारपेट या कष्टकरी भागात लोकांच्या बोअरमधून इंधनाच्या वासाचे पाणी येऊ लागले. तिथे टाकी नव्हे, जमिनीखालची इंधनवाहिनी गळली होती. पण बादलीत आले ते तेच. म्हणजे हा केवळ अमेरिकेचा प्रश्न नाही.

आपल्याकडे पेट्रोलच्या साठ्यांवर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, दीक्षाभूमीच्याच शहरात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, दहा किंवा अधिक खाटांचे दवाखाने आणि निवासी म्हणून नेमलेला भाग यांपासून नवा पंप ५० मीटर दूर असावा. ते जमत नसेल तर जादा सुरक्षा घ्यावी, पण ३० मीटरच्या आत कदापि नाही. १९७४च्या जलप्रदूषण कायद्यात जमिनीखालचे पाणीही येते. विहीर बाटवायला या कायद्याने मनाई आहे.

पण 'निवासी म्हणून नेमलेला भाग' हे शब्द पुन्हा एकदा वाचा. आपल्या कितीतरी वस्त्या कागदावर निवासी नाहीतच. गावकुसाबाहेरची जागा पूर्वी जातीने दिली, आज ती नकाशा देतो. महामार्ग गावाबाहेरून जातो, पंप महामार्गावर येतो आणि तिथे आपण आधीपासून असतो. म्हणून वस्तीची नोंद करून घेणे हासुद्धा पाण्याचाच लढा आहे.

आपण काय करावे

पाण्याला पेट्रोल-रॉकेलचा वास आला किंवा त्यावर रंगीत तवंग दिसला तर ते पिणे, उकळणे, अंघोळीला घेणे बंद करा. विहिरीत किंवा बोअरच्या तोंडाशी काडी, बिडी, दिवा नेऊ नका. मुलांना दूर ठेवा. हापशाला साखळी लावा आणि शेजारच्यांना सांगा.

ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, तहसीलदार आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात 'बेंझिन, टोल्युइन आणि झायलिन यांची तपासणी करावी' असे नाव घेऊन लिहा. नेहमीच्या तपासणीत जंतू, क्षार, जडपणा बघतात. बेंझिन कोणी मागितल्याशिवाय बघत नाही. नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा. आत हवा राहू देऊ नका, नाहीतर बेंझिन त्या हवेत निघून जाते. मग ती थंड ठेवून लवकर पोचवा.

नव्या पंपासाठी जिल्हा प्रशासनाचे ना-हरकत लागते. हरकत घ्यायची वेळ तीच. टाकी दुहेरी भिंतीची आहे का, तिच्याखाली काय थर आहे, गळती कळवणारे यंत्र आहे का, हे प्रश्न तेव्हाच विचारा. जुन्या पंपाच्या टाकीची शेवटची तपासणी कधी झाली, हे २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली सरकारी कार्यालयाकडे मागता येते.

आता एक गोष्ट पंपावर काम करणाऱ्या आपल्या मुला-मुलींसाठी. ती बरणी पाहिल्यावर त्याच विहारातला एक तरुण नंतर एकटाच आमच्याकडे आला. तो एका पंपावर साठ्याची वही लिहितो. म्हणाला, "काका, रोज डिप रॉड टाकतो, रोज थोडा माल कमी भरतो. साहेब म्हणतात जुळवून टाक."

त्याला आम्ही जे दाखवले ते इथे देतो. सकाळची शिल्लक ८,००० लिटर, टँकरने आले १२,०००, विकले ११,४००. राहिले पाहिजेत ८,६००. रॉडने दाखवले ८,५४०. साठ लिटरची तूट. एखाद्या दिवशी असे होते. पेट्रोल थंड झाले की आकसते, थोडे उडून जाते, मापाची चूक असते. अशी चूक कधी जास्त तर कधी कमी दाखवते. पण रोज एकाच बाजूला तूट येत असेल, तर ती चूक नव्हे, ती गळती असू शकते. तसेच रॉडच्या टोकाला लावलेल्या पेस्टचा रंग बदलून टाकीच्या तळाशी पुन्हा पुन्हा पाणी दिसत असेल, तरीही संशय घ्यावा. जिथून पाणी आत येते तिथून पेट्रोल बाहेर जाते.

म्हणजे कोणत्याही यंत्राआधी, कोणत्याही मातीआधी पहिली धोक्याची घंटा त्या वहीत वाजते. 'जुळवून' टाकली की ती घंटा मुकी होते आणि रस्त्यापलीकडे कोणाचे तरी लेकरू ते पाणी पिते.

तो म्हणाला, "काका, नोकरी जाईल." हे आम्हाला कळत नाही असे नाही. घरात म्हातारी आई, एकटा कमावता. नोकरी सोड असे आम्ही त्याला सांगितले नाही. खरे आकडे लिही एवढेच सांगितले. तूट तारखेनिशी वरिष्ठांना लेखी कळव, त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेव. पुढचा अर्ज तुझ्या नावाने जाणार नाही, वस्तीच्या सह्यांनी जाईल. एकट्याच्या खांद्यावर लढा टाकायचा नसतो, संघटित होऊन लढायचे असते, हे आपल्याला बाबासाहेबांनीच शिकवले.

अर्जावर वस्तीतल्या त्रेपन्न जणांच्या सह्या झाल्या. काही अंगठे आहेत. हापशाला साखळी आहे आणि बाया दूरच्या नळावरून पाणी आणतात. काचेच्या बाटलीत काठोकाठ भरलेला नमुना तपासायला गेला आहे. अहवाल काय येईल तो येईल. आम्ही त्याचा पाठपुरावा करतो आहोत. तो तरुण आजही त्याच पंपावर आहे आणि आता वही जशी आहे तशी लिहितो.

चवदार तळ्यावर आपण पाणी पिण्याचा हक्क मिळवला. ते पाणी पिण्याजोगे राहील हे पाहणे आता आपल्याकडे आहे. हा लेख वाचून झाल्यावर घरातल्या शाळकरी मुलाला थेंबाचा हिशेब करायला लावा आणि उद्या सकाळी आपल्या हापशाचे पाणी एकदा वास घेऊन बघा.

जय भीम! नमो बुद्धाय!